नळीचं दुसरं टोक

लेथकाकांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि वरच्या पायरीवर बूड टेकलं. खालच्या पायऱ्यांवर गल्लीतली मुलं आधीच जागा धरून बसली होती. भुताची गोष्ट सांगा म्हणून आठवडाभर तगादा चालला होता आणि काका रोज तेच उत्तर द्यायचे, की मला भुताखेतांतलं काही कळत नाही, मला लोखंडातलं कळतं. त्या रात्री चष्मेवाल्या मुलानं त्यांना डिवचलं. म्हणाला, काकांना गोष्ट येतच नसणार, नुसतीच हवा.

काका हसले नाहीत. वाकून शटरखालून आत गेले. खिळ्यावरून काहीतरी काढलं, ते फडक्यात गुंडाळलेलंच मांडीवर घेऊन परत येऊन बसले.

"हे नंतर," ते म्हणाले. "आधी ऐका. मधेच कुणी उठायचं नाही. कुणाला जाऊन यायचं असेल तर आत्ताच जाऊन या."

कुणी उठलं नाही. मग काकांनी सांगितलं ते असं.

त्यांचा एक दोस्त होता, मेकॅनिक. जुन्या गाड्यांचा. बापानं ठेवलेलं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं, कारण सगळे त्याला कानसेन म्हणत. इतर लोक गाणं ऐकून मान डोलावतात, हा इंजिन ऐकून डोलावायचा. दाढी करताना रस्त्यावरून गाडी गेली तर फेस तसाच ठेवून सांगायचा, हिचा तिसरा प्लग गेलाय. आणि तो गेलेला असायचाच. बायको म्हणायची, ह्यांना इंजिनात शिंकलेला डास ऐकू येतो, पण स्वयंपाकघरातून मी मारलेली हाक येत नाही.

त्याच्या गळ्यात कायम एक रबरी नळी असायची, डॉक्टरांसारखी. दोन हात लांब, काळी. एक टोक स्वतःच्या कानात, दुसरं इंजिनाला. बास. बाकी यंत्रबिंत्र त्यानं कधी विकत घेतलं नाही.

पण एक गोष्ट लेथकाकांशिवाय कुणालाच माहीत नव्हती. कानसेनचा डावा कान काही महिन्यांपासून वाजत होता. रात्री उशीला डोकं टेकलं, की लांबून शिट्टी यावी तसा. त्याचे वडीलही मेकॅनिकच होते, आणि ते अगदी ह्याच वयात बहिरे झाले होते. त्यांना आधी नसलेले आवाज ऐकू यायला लागले, मग असलेले बंद झाले. कानसेनला ते सारखं आठवायचं. कान गेला तर आपण काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. दुसरं काही येतच नव्हतं त्याला.

तर अशा दिवसांत त्याला बोलावणं आलं.

गाव संपल्यावर मोठ्या रस्त्याला लागण्याआधी एक बंगला होता, एकटाच. मागे गॅरेज. कानसेन सायकलवरून पोचला तेव्हा बंगल्याचा मालक गॅरेजच्या दाराशी उभा होता. आडदांड माणूस, दारात उभा राहिला तर दार दिसू नये असा. कुलपाची किल्ली सापडत नव्हती म्हणून तो ते घणानं फोडत होता. कुलूप दुसऱ्याच घावाला तुटून पडलं. तरी तो घाव घालतच राहिला. कडी वाकली. दाराची फळी फुटली. मग थांबला, घाम पुसला आणि कानसेनला म्हणाला, "या. गाडी आत आहे."

आत चादरीखाली गाडी होती. लांब नाकाची, गडद हिरवी, गोल दिव्यांची. असल्या गाड्या आता फोटोतच बघायच्या. थोरल्या भावाची, मालक म्हणाला. भाऊ कुठे असतो म्हणून कानसेननं सहज विचारलं, तर म्हणाला, गेला परदेशात, आता यायचा नाही. बंगला विकलाय, गाडीही विकलीय. घेणारा रविवारी सकाळी सातला येऊन चालवत नेणार. तेवढी चालू करून द्या.

कानसेननं बॉनेट उचलून सळईवर टेकवलं आणि त्याचा चेहरा खुलला. इंजिनाच्या कुशीला दोन कार्बोरेटर होते, जुळ्यांसारखे शेजारी शेजारी, तोंडं बाहेर वळवून बसलेले.

इथे काका थांबले. कार्बोरेटर म्हणजे काय, असं बहिणीला चिकटून बसलेल्या सगळ्यात लहान्या मुलानं विचारलं होतं.

"इंजिनाचं नाक," काका म्हणाले. "जुन्या इंजिनाला हवा आणि पेट्रोल ह्याच्यातून मिळायचं. आत एक झडप असते, ती एका बारीक दांडीवर फिरते. वर्षानुवर्षं फिरून दांडी झिजते, तिचं भोकही झिजतं. मग नको तिथून हवा शिरते आणि इंजिन धापा टाकायला लागतं. आणि दोन नाकं असली की दोन्हींनी सारखाच श्वास घ्यायला हवा. ते जुळवायचं कानानं. नळीचं टोक एकाच्या तोंडाशी धरायचं, हवेचा आवाज ऐकायचा. मग दुसऱ्याच्या. दोन्ही आवाज एक झाले की काम झालं."

दोन्ही कार्बोरेटरच्या दांड्या खुळखुळत होत्या. मालकाला त्याचं काही नव्हतं. नवी जोडी मागवलीय, तो म्हणाला, ती बसवा. आणि ही काढाल ती हातोड्यानं ठेचा.

"भंगारात टाकतो की," कानसेन म्हणाला.

"टाकायची नाही. ठेचायची. मला तुकडे दाखवायचे."

कानसेन बरं म्हणाला. अजून दोन गोष्टी त्याच्या नजरेत आल्या. बॉनेटची कडेची पट्टी एका जागी वर वळली होती, खाली काहीतरी ठेवून वरून बॉनेट आपटावं तशी. आणि गाडीखाली उतरून काम करायला पूर्वी गॅरेजात खड्डा असायचा, तो इथे होता, पण सिमेंटनं बुजवलेला. चांगला खड्डा कुणी बुजवतं का, असं तो पुटपुटला आणि पाठीवर झोपून सरपटत गाडीखाली गेला.

नवी जोडी आली ती बघून त्याचं डोकं फिरलं. ओतीव काम खडबडीत, झडपा वाकड्या. दिव्यासमोर धरल्या तर बाजूनं उजेड दिसत होता. त्यापेक्षा जुन्या जोडीचं अंग सोन्यासारखं होतं. नुसत्या दांड्या बदलल्या, भोकं मोठी करून त्यांत पितळी बुश, म्हणजे बारीक नळकांड्या, बसवले, की अजून पन्नास वर्षं बघायला नको. आता मला सांगा, काकांनी मुलांना विचारलं, ज्याचा जन्म दुरुस्तीत गेला तो चांगली वस्तू ठेचील का? आपली आई शिळी भाकरी टाकते का? कानसेननं नवी जोडी खोक्यात परत घातली, जुनी जोडी टॉवेलात गुंडाळली आणि लेथकाकांच्या दुकानात आणली. काम उत्तम झालं की मालक काही बोलणार नाही, असं त्याला वाटलं. कारागीर लोकांना असं नेहमी वाटतं.

बुश काकांनी स्वतः घासले. ह्याच दुकानातल्या लेथवर, धातू गरगर फिरवून घासायच्या यंत्रावर. काम चालू असताना कानसेन स्टुलावर बसून पेट्रोलमध्ये भाग धूत होता. पुढचा कार्बोरेटर लख्ख निघाला. मागच्याच्या घशात मात्र तपकिरी डाग होता, तो ब्रशनं जाईना, पेट्रोलनं जाईना. आणि झडपेच्या मागे अडकलेला एक पांढरा कपचा निघाला, डाळीच्या दाण्याएवढा. कानसेननं तो नखावर धरून पाहिला. प्लगची चिनीमाती असेल, म्हणाला. काकांनी पाहिला. चिनीमाती वाटत नव्हती, पण काका पुन्हा लेथकडे वळले. कानसेननं तो कपचा खिशातल्या काड्यापेटीत टाकला.

"दात होता," चष्मेवाला म्हणाला.

"गप," बाकीचे म्हणाले.

शनिवार होता. नोव्हेंबरातला शेवटचा. बुश बसवायला संध्याकाळ झाली, आणि कार्बोरेटर गाडीवर चढवून नळ्या-तारा जोडीपर्यंत रात्रीचे दहा वाजून गेले. कानसेन गॅरेजात एकटाच होता. बॉनेटच्या आकड्याला त्यानं दिवा टांगला होता. बंगल्यात वर एका खोलीत उजेड होता, मालक सामान बांधत होता. मधूनच काहीतरी फुटल्याचा आवाज यायचा. काच. मग अजून काच. बांधत होता की फोडत होता, कोण जाणे.

कानसेननं स्टार्टर मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन खोकललं, थरथरलं आणि लागलं. इतक्या वर्षांनी. त्याला गहिवरूनच आलं. मग त्यानं गळ्यातली नळी काढली, एक टोक उजव्या कानात घातलं, चाकावरच्या पत्र्यावर, फेंडरवर, वाकला, आणि दुसरं टोक पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं.

स्स्स्स्स... हवा आत जात होती. सरळ, एका सुरात. छान.

मग मागच्या.

स्स्स्स्स... हा.

त्यानं भुवया उंचावल्या. पुन्हा धरली.

स्स्स्स्स... हा... स्स्स्स्स... हा...

आता नीट लक्ष द्या, काका म्हणाले. इंजिन कार्बोरेटरमधून श्वास फक्त आत घेतं. सोडतं ते मागच्या धुराड्यातून. आत ओढलेली हवा त्याच तोंडानं अशी सावकाश परत येत नाही. बिघडलेलं इंजिन एखादा फटका मारील, थोबाड भाजील. पण उसासा टाकणार नाही. आणि हे मागचं तोंड आत घेत होतं... बाहेर सोडत होतं. आत... बाहेर. झोपेतल्या माणसासारखं. छे, झोपेतल्या नाही. छातीवर काहीतरी जड ठेवलेल्या माणसासारखं.

कानसेन भुताला घाबरला नाही. भूत त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याला आठवले वडील. आधी नसलेले आवाज ऐकू येतात...

त्यानं नळी डाव्या कानाला लावली. तेच. पुन्हा उजव्या. तेच. दोन्ही कान गेले, त्याला वाटलं.  मग त्यानं एक उपाय केला. इंजिन बंद केलं. इंजिन बंद तर आवाज बंद, आणि तरीही आवाज आला तर तो आपल्या डोक्यात.

इंजिन थांबलं. गॅरेज शांत झालं. गरम लोखंड टिक टिक करत होतं.

त्यानं नळी लावली.

...हा.

...हा.

आणि मग शब्द. ओला, फुटका, नळीतून सरपटत आलेला.

"चिमण्या..."

कानसेन हलला नाही.

"चिमण्या... पुरे..."

त्यानं नळी कानातून काढली आणि फेंडरवर बसून राहिला. गेला, तो स्वतःशी म्हणाला. गेला कान. उद्या बायकोला काय सांगायचं? गल्लीत कळलं की हसतील. नंतर हसणंही थांबेल, लोक मोठ्यानं बोलायला लागतील, वडिलांशी बोलायचे तसं, तोंडाजवळ तोंड आणून.

दारात सावली पडली. मालक आला होता. पावणेअकरा झाले असतील.

चालू झालेली बंद का केली, म्हणून तो विचारत आला आणि बोलता बोलता थांबला. त्याला दिव्याखालची जोडी दिसली. घासूनपुसून चकचकीत केली होती, तरी त्यानं ओळखली.

"ही ती नवी नाही."

"जुनीच आहे साहेब. पण नव्याहून नवी केलीय. त्या नव्या जोडीत राम नव्हता, बघा ना..."

मालकानं बाकावरचा पाना उचलला आणि भिंतीवर भिरकावला. पाना कानसेनच्या कानाजवळून गेला आणि विटेचा टवका उडाला. तुला ठेचायला सांगितलं होतं, तो म्हणाला. आवाज चढवला नाही. तेच वाईट होतं.

आणि आता कानसेननं जे केलं ते दुसऱ्या कुठल्याही माणसानं केलं नसतं. दुसरा पळाला असता. पण त्याच्या मनात एकच विचार होता, रात्रभर पुरेल एवढा मोठा. आपला कान गेलाय की नाही, हे ह्या क्षणी सांगू शकणारा एकच माणूस जवळ होता. तो समोर उभा होता.

त्यानं इंजिन पुन्हा चालू केलं. नळीचं एक टोक मागच्या कार्बोरेटरच्या तोंडात सरकवलं आणि दुसरं मालकापुढे केलं.

"साहेब, रागवा मग. आधी एकदा ऐका. मला जे येतंय ते तुम्हाला येतंय का, एवढंच सांगा."

का कुणास ठाऊक, पण मालकानं ते टोक घेतलं. वाकला. कानाला लावलं.

इंजिन चालत होतं. दिवा थरथरत होता. मालकाचा चेहरा आधी कोराच होता. मग हळूहळू त्यातलं रक्त उतरलं, वरून खाली, भिंतीवरून ओल उतरावी तसं.

"कुणी..." तो म्हणाला. "कुणी बोलतंय?"

कानसेनला हसू फुटलं. खरंच फुटलं. इतका हलका तो वर्षभरात झाला नव्हता.

"आलं ना ऐकू? चिमण्या म्हणतंय ना? चिमण्या, पुरे? देवा! मला वाटलं माझा कानच गेला."

मालकाच्या हातातून नळी सुटली. ती कार्बोरेटरच्या तोंडातून खाली लोंबत राहिली.

लहानपणी त्याला चिमण्या म्हणत. ताडमाड वाढला तरी म्हणणारा एकच माणूस उरला होता. थोरला भाऊ.

पहिला ठोसा कानसेनला दिसलाच नाही. तोंडात रक्त आलं. दुसरा पोटात. तो दुमडला तशी मालकानं त्याची मान धरली, पिशवी उचलावी तशी, आणि त्याला फेंडरवर पालथा टाकला. तोंड खाली. मागच्या कार्बोरेटरवर. नळीचं टोक गालात रुतलं. इंजिन नाकातोंडातली हवा ओढायला लागलं.

सळई निघाल्याचा आवाज झाला.

बॉनेट पाठीवर आलं.

बरगडी मोडली ती त्याला ऐकू आली. बाहेरून नाही... आतून.

मालकानं बॉनेट उचललं. तो बोलत होता, दम खात, समजूत काढल्यासारखा. "त्यालाही सांगितलं होतं... गाडी नको, घर दे... ऐकायचा नाही. असाच वाकलेला असायचा... असाच... कानात नळी घालून."

बॉनेट पुन्हा आलं.

कानसेनला ओरडायचं होतं. ओरडायला हवा लागते. हवा इंजिन पीत होतं. डोळ्यांपुढे काळं आलं. बॉनेट तिसऱ्यांदा वर गेलं...

आणि वरच राहिलं.

"चिमण्या."

नळी कुणाच्याही कानात नव्हती. तरी दोघांना ऐकू आलं. स्वच्छ. थोरला भाऊ धाकट्याला जेवायला बोलावतो, तसं.

मालकाची मानेवरची पकड सुटली. कानसेन फेंडरवरून घसरला. पडता पडता हाताला लोंबणारी नळी लागली आणि त्यानं ती धरली. आता, नळी तोंडात नुसती सरकवलेली होती. मांजराच्या पोरानं ओढली तरी निघाली असती. पण ती निघाली नाही. ताणली गेली, आणि कानसेनचं अख्खं अंग त्या नळीला लोंबकळलं. पलीकडून कुणीतरी घट्ट धरली होती. डोकं फरशीवर आपटायचं वाचलं. तो अलगद खाली आला. नळी त्यानं सोडली नाही.

खालून त्याला मालकाचे बूट दिसत होते. बाकी काही नाही. फक्त बूट.

बूट गाडीजवळ सरकले. टाचा उचलल्या. मालक वाकला होता. इंजिन बंद करायला कार्बोरेटरच्या तोंडांवर तळवे दाबायचे, एवढं गाडीवाल्याला माहीत असतं. हवा कोंडली की इंजिन मरतं. मालकानं दोन्ही दाबले.

इंजिन मेलं नाही.

आवाज वाढला. आणखी वाढला.

मालक म्हणाला, "दादा."

एवढंच.

मग बॉनेट आलं. कुणीही हात न लावता...

धाड.

बूट सरळ झाले.

धाड.

एक बूट जमिनीवर घासला. टाच. चवडा. टाच.

धाड.

बूट थांबले.

इंजिन बंद पडलं. आपोआप.

कानसेन फरशीवर पडून होता. नळीचं टोक त्याच्या मुठीत, मूठ कानापाशी. नळीतून एक श्वास आला. लांब. बाहेर सोडलेला. मोठं ओझं खाली ठेवून माणूस सोडतो तसा.

मग काही नाही.

आणि नळी सैल झाली. त्याच्या छातीवर येऊन पडली.

काका थांबले. गल्लीच्या टोकाला कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं. लहान्यानं बहिणीचा हात धरला होता.

पुढचं काकांनी भराभर सांगितलं. सकाळी सातला गाडी न्यायला माणूस आला तेव्हा गॅरेजात दिवा जळतच होता. मालक बॉनेटखाली वाकलेला, मान तुटलेली. खाली कानसेन, तीन बरगड्या मोडलेल्या, शुद्धीवर. पोलीस म्हणाले, सळई निसटली, बॉनेट पडलं. एकदा पडलेल्या बॉनेटनं मान अशी होत नाही, असं त्यांच्यातलाच एक जण हळूच म्हणाला. मग कानसेनचं ऐकून त्यांनी बुजवलेला खड्डा फोडला. सिमेंटखाली थोरला भाऊ होता. परदेशात गेलेला. वरच्या पुढच्या दातांपैकी एक अर्धा तुटलेला. कानसेननं पोलिसांना काड्यापेटी दिली. कपचा त्या दाताला बरोबर बसला.

"आणि कानसेनचा कान?" कुणीतरी विचारलं.

"शाबूत. आजही डास शिंकला तर सांगेल." काका किंचित हसले. "पण गाड्या सोडल्या. आता पंखे दुरुस्त करतो. म्हणतो, पंख्याला नाक नसतं. बायको म्हणते, कान चांगला आहे, तरी माझी हाक येत नाहीच."



इस्पितळातून घरी जाताना कानसेन एक वस्तू माझ्याकडे ठेवून गेला, काका म्हणाले. घरात नको म्हणाला. मग त्यांनी मांडीवरचं फडकं उलगडलं. आत ती दोन हात लांब काळी रबरी नळी होती.

चष्मेवाल्यानं ती लांबूनच पाहिली. उंदरानं कुरतडली असेल, तो म्हणाला. किंवा पकडीत सापडली असेल.  काकांनी नळी पुढे केली आणि धरून राहिले. शेवटी सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेल्या, अख्ख्या गोष्टीत एक शब्दही न बोललेल्या मुलीनं हात लांबवून ती घेतली आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली नेली.

एक टोक गुळगुळीत होतं. वर्षानुवर्षं कानात राहून मऊ झालेलं. तिनं नळी फिरवली.

दुसऱ्या टोकावर खुणा होत्या. रबरात खोल गेलेल्या, वरून एक ओळ, खालून एक ओळ. तिनं खालच्या ओळीवरून बोट फिरवलं. शेजारी शेजारी, एकसारख्या. मग वरच्या ओळीवरून. एक खूण. दुसरी. मग बोट थांबलं.

तिथली खूण अर्धीच होती.